परदेशी मुलांचा उन्हाळा

हैदराबादचा उन्हाळा होळीच्या सुमारास अंगणात येतो, आणि मे महिन्यात तो घरचा धनी होऊन बसतो. दुपारी बाराला रस्ते ओस पडतात, दुकानांच्या फळ्या अर्ध्या ओढल्या जातात, आणि आमच्या अंबरपेठेत मुशी नदीच्या बाजूने येणारा वारादेखील भट्टीतून निघाल्यासारखा भासतो. याच दिवसांत उस्मानिया विद्यापीठाची वसतिगृहे रिकामी होतात. विद्यापीठ आमच्या घरापासून चालत जाण्याजोगे. पेट्या, वळकट्या व पुस्तकांची गाठोडी घेऊन मुले काचीगुडा स्थानकाकडे निघाली की सुटी लागली असे समजावे. कोणी करीमनगरला जातो, कोणी नांदेडला, कोणी मनमाडच्या गाडीत बसून जालना-संभाजीनगर गाठतो. माझे यजमान अनेक वर्षे याच स्थानकावर नोकरीस होते. सुटी लागल्यावर स्थानकावर चढणाऱ्या मुलांचे चेहरे पाहिले की दिवसभराचा शीण उतरतो, असे ते म्हणत.

परंतु काही मुले या गाड्यांत चढत नाहीत. येमेन, सुदान, सोमालिया, इराक, अफगाणिस्तान, टांझानिया, युगांडा अशा नाना देशांतून ती शिकावयास आलेली असतात. हैदराबादेत अशी मुले पुष्कळ आहेत. उस्मानियात आहेत, तारनाक्याच्या इंग्रजी व परदेशी भाषांच्या विद्यापीठात आहेत, शहराच्या पश्चिमेकडील केंद्रीय विद्यापीठातही आहेत. काहींना भारत सरकारच्या सांस्कृतिक संबंध परिषदेची शिष्यवृत्ती मिळते. मौलाना आझादांनी १९५० साली ही परिषद स्थापिली. शिष्यवृत्तीधारक मुलांसाठी ती सुटीत सहली व शिबिरेही भरविते, हे तिचे काम खरोखर वाखाणण्यासारखे आहे. पण स्वतःच्या पैशाने शिकणारा मुलगा त्या यादीत बसत नाही. त्याच्या बापाने शेत किंवा दुकान गहाण टाकून त्याला धाडलेले असते. दर सुटीस विमानाचे भाडे कोठून आणावे? आणि काहींच्या बाबतीत भाडे जमले तरी परतावयास गाव उरलेले नसते. ही मुले मे महिनाभर पंख्याखाली पडून असतात. खानावळ बंद, वर्ग बंद, ग्रंथालय अर्धवेळ. मोबाईलवर घरचा चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो, पण त्याने पोट भरत नाही.

या मुलांकडे माझे लक्ष जाण्याचे कारण माझ्या स्वतःच्या घरातले आहे. आमचा थोरला मुलगा २०११ साली जर्मनीत शिकावयास गेला. पहिल्या उन्हाळ्यात त्याला घरी येणे परवडले नाही. त्याच्या पत्रांतून (तो पत्रे लिही, एवढा जुना संस्कार त्याच्यात उरला होता) एका वृद्ध दांपत्याचा उल्लेख वारंवार येऊ लागला. दर रविवारी ती दोघे त्याला आपल्या जुन्या मोटारीतून कोठल्याशा तळ्याकाठी नेत, पाव व लोणी खाऊ घालीत आणि संध्याकाळी परत आणून सोडीत. ना ओळख ना देख, ना नाते ना भाषा. माझ्या मुलाने एकदा लिहिले, ‘आई, त्यांनी मला आजवर एकही मोठी इमारत दाखविली नाही.’ ते वाक्य मी कितीदा वाचले असेन! त्या बाईंना मी काय देणार? त्या राहिल्या तिकडे, मी राहिले इकडे. तेव्हा २०१२ च्या मे महिन्यात मी शेजारच्या घरात खोली घेऊन राहिलेल्या दोन परदेशी मुलांना सहज विचारले, ‘उद्या पहाटे फिरावयास येता का?’

तेव्हापासून दर उन्हाळ्यात हे चालू आहे. याला संस्था नाही, वर्गणी नाही, नाव नाही. शाळेतून निवृत्त झालेली मी एक शिक्षिका, दोन पिशव्या, चार बाटल्या ताक आणि सोबत तीन-चार मुले. नियम एकच, पहाटे पाचला निघावयाचे आणि दहाच्या आत सावलीत यावयाचे. ओला पंचा मानेवर आणि कांदा खिशात, ही माझ्या सासूबाईंची शिकवण. पंचा मुलांनी आनंदाने घेतला. कांद्याला मात्र सर्व खंडांतून एकमुखाने नकार मिळाला. सुदानचा एक मुलगा तर माझ्या काळजीला हसे. खार्टूमच्या मानाने तुमचा मे महिना म्हणजे आमचा वसंत, असे त्याचे मत. दुसऱ्याच आठवड्यात हा वसंत भोगून तो दोन दिवस अंथरुणात पडला आणि कैरीचे पन्हे पिऊ लागला, ही गोष्ट वेगळी.

मुले इथली भाषा कशी शिकतात तेही मोठे गमतीचे आहे. त्यांचा पहिला शब्द बहुधा ‘नक्को’ हा असतो. रिक्षावाल्याशी घासाघीस करिताना तो उपयोगी पडतो. हा शब्द आपला, मराठीचा. शेकडो वर्षांपूर्वी तो दक्खिनी उर्दूत शिरला आणि हैदराबादी माणसाच्या जिभेवर पक्का बसला. सोमालियाचा मुलगा चारमिनारच्या फुटपाथवर ‘नक्को भाई’ म्हणतो तेव्हा माझ्या मनात एक लहानशी फुशारकी उठते.

शहर म्हटले की जे पाहावयाचे ते आम्हीही पाहतोच. १५९१ सालचा चारमिनार, गोवळकोंड्याचा फतेह दरवाजा, जेथे घुमटाखाली टाळी वाजविली की ती वर बालाहिसारपाशी ऐकू येते. हुसेनसागरातली १९९२ साली उभी केलेली बुद्धमूर्ती. गोवळकोंड्यात टाळ्या वाजवून झाल्या की मुले छायाचित्रे काढतात आणि पाणी मागतात. तेवढ्यावर ती सहल संपते. या स्थळांचे मोठेपण मी नाकारीत नाही. पण ज्याला घराची आठवण छळते आहे त्याला किल्ल्याचे काय होय? इमारत त्याला काही विचारीत नाही.

सालारजंग संग्रहालयाची गोष्ट थोडी निराळी. तेथे एक संगमरवरी पुतळा आहे, ‘अवगुंठनातील रिबेका’. बेंझोनी नावाच्या इटालियन शिल्पकाराने तो घडविला, आणि पहिल्या सालारजंगांनी १८७६ साली तो विकत घेऊन येथे आणिला. दगडच, पण तोंडावरचा पदर असा झिरझिरीत की त्यातून नाक-डोळे दिसावेत. लोक त्या पदराची वाहवा करितात आणि पुढे घड्याळ पाहावयास धावतात. (तासाचे ठोके पडावयाच्या आधी त्या घड्याळापुढे जी गर्दी जमते तीच मला घड्याळाहून प्रेक्षणीय वाटते.) एका वर्षी माझ्याबरोबर येमेनचा एक मुलगा व टांझानियाची एक मुलगी होती. ही मुलगी आपल्या कॅथलिक धर्माची. रविवारी गनफाउंड्रीच्या सेंट जोसेफ कॅथीड्रलमध्ये मिस्सेला येत असे. १८७० साली पायाभरणी झालेल्या त्या देवळात सगळे वाकून वळून पाहणारे परके लोक, पण प्रार्थनेची चाल तिच्या गावची निघे आणि ती मोठ्याने गाऊ लागे. पुतळ्यापाशी ती थांबली आणि त्या येमेनी मुलाला गोष्ट सांगू लागली. अब्राहामाचा सेवक परमुलुखात विहिरीपाशी येतो, तहानलेला असतो, आणि रिबेका त्यालाच नव्हे तर त्याच्या दहा उंटांनाही पाणी पाजते. मुलगा ऐकत होता. इब्राहीम व इसहाक ही नावे त्याच्या ओळखीची. गोष्ट संपल्यावर तो इतकेच म्हणाला, ‘दहा उंट? एका वेळी किती पितात तुला ठाऊक आहे?’ त्याने उंट पाळलेले पाहिले होते. उत्पत्तीच्या पुस्तकातली ती ओळ मी आयुष्यभर वाचीत आले. पण त्या मुलीने किती घागरी उपसल्या असतील याचा हिशेब मला त्या दिवशी प्रथम कळला.

त्या येमेनी मुलाविषयीच मला येथे थोडे विस्ताराने लिहावयाचे आहे. तो मुकल्ला या बंदराचा. अरबी समुद्राच्या काठचे, येमेनच्या हद्रमौत प्रांतातले हे शहर. २०१५ च्या मार्चमध्ये त्या देशात मोठे युद्ध भडकले. आपल्या सरकारने त्या वेळी जहाजे व विमाने पाठवून हजारो भारतीयांना तेथून सोडवून आणिले, ते वाचकांस आठवत असेल. एप्रिलमध्ये मुकल्ला अल-कायदाच्या हाती गेले आणि पुरते एक वर्ष त्यांच्याच हाती राहिले. म्हणजे तो मे महिना लागला तेव्हा या मुलाचे आई-वडील व दोन बहिणी त्या शहरात कोंडलेल्या होत्या. फोन कधी लागे, कधी न लागे. तो जेवत असे, पण वाढलेले पान अर्धे राही. खोलीचे दार लावून तो दिवसच्या दिवस बातम्या पाही. घरमालकाने मला बोलावून सांगितले, ‘हा मुलगा चार दिवसांत कोणाशी बोललेला नाही.’

मी त्याला संग्रहालयात नेले नाही, तळ्यावर नेले नाही. कोठीपर्यंत एक बस आणि पुढे दुसरी, असे करून आम्ही बरकसला गेलो. (तेलंगणातल्या बायकांना डिसेंबर २०२३ पासून साध्या बसला तिकीट पडत नाही. हल्ली मी फुकट बसते आणि माझे पाहुणे पैसे मोजतात. यजमानीणबाईंची ही तऱ्हा मुलांना फार हसविते. त्या वेळी मात्र दोघांचेही तिकीट काढावे लागले.)

बरकस हा शहराच्या दक्षिणेचा, चांद्रायणगुट्ट्याच्या पलीकडचा भाग. निजामाच्या पदरी अरबी शिपाई होते. त्यांच्या पलटणीची ही बराक. इंग्रजी शब्दाचे बरकस झाले. अरबी शिपाई आपल्या मराठी मुलखालाही नवे नाहीत. १८१८ साली मालेगावचा किल्ला इंग्रजांविरुद्ध लढविला तो अरबी शिबंदीनेच. हैदराबादेत आलेल्या अरबांपैकी बहुतेक या मुलाच्याच प्रांतातले, हद्रमौतचे. त्यांतला एक जमादार तर एवढा मातबर झाला की त्याच्या वंशजांनी मायदेशी परतून मुकल्ल्यावरच राज्य केले. अल-कुऐती हे ते घराणे. हैदराबादची ‘नवाझ जंग’ ही पदवी तिकडचे सुलतान अभिमानाने लावीत, आणि १९६७ पर्यंत त्यांचे राज्य टिकले. म्हणजे मुकल्ल्याच्या मुलाने हैदराबादेत यावे यात खरे पाहता नवल ते काय? त्याच्या गावचा राजवाडा हैदराबादच्या पगारावर उभा राहिला असे म्हटले तरी ते फारसे खोटे ठरू नये!

हे सर्व मी त्याला वाटेत सांगत होते. तो खिडकीबाहेर पाहत होता. सकाळचे सात वाजले होते. बरकसच्या चौकात उतरलो तो समोर लुंगी नेसलेले, खांद्यावर रुमाल टाकलेले चार-दोन म्हातारे ओट्यावर बसलेले. मुलाचे पाऊल जागीच थांबले. त्याच्या गावचे म्हातारे असेच बसतात, हे त्याने मला मागाहून सांगितले. पलीकडे एका दुकानात मोठ्या पातेल्यात हरीस शिजत होते. गहू व मांस रात्रभर मंद आचेवर घोटून केलेला हा पदार्थ बरकसमध्ये सकाळच्या न्याहारीला खातात. त्याने वास घेतला आणि दुकानदाराला अरबीत काहीतरी विचारले. दुकानदार हसला. त्याला अरबी येत नव्हते. तीन-चार पिढ्यांत ती भाषा त्याच्या घरातून गेली होती. पण त्याने उर्दूत विचारले, ‘तुझे कूळ कोणते?’ मुलाने आडनाव सांगितले. दुकानदाराने आतल्या बाजूस हाक मारून एका अतिवृद्ध गृहस्थांना बोलाविले. त्यांना अरबी येत होते, जुन्या वळणाचे. ते त्या मुलाजवळ बाकावर बसले आणि त्यांनी त्याच्या आडनावाच्या लोकांचे गाव कोठल्या खोऱ्यात आहे, तेथे विहिरी किती, खजूर कोणत्या जातीचा, हे सांगावयास आरंभ केला. त्यांनी ते गाव कधी पाहिले नव्हते. त्यांच्या आजोबांनी सांगितलेले त्यांना पाठ होते.

मुलगा पहिल्यांदा हसला आणि मग त्याला रडू आवरेना. दुकानातली माणसे आपापल्या कामात गढल्यासारखी झाली. कोणी पाहिले नाही, कोणी विचारले नाही. ही सभ्यता मला फार थोड्या ठिकाणी आढळली आहे. त्याने हरीसाच्या दोन बशा संपविल्या. पैसे घेण्याचे दुकानदाराने साफ नाकारले, माझेसुद्धा. परतताना बसमध्ये मुलाने मला प्रथमच ‘खाला’ म्हटले. अरबीत आणि उर्दूत दोहोंतही याचा अर्थ मावशी असाच आहे, तेव्हा भाषांतराची गरज पडली नाही.

त्यानंतर तो दर शुक्रवारी एकटा बरकसला जाऊ लागला. परीक्षा दिली, उत्तीर्ण झाला. मुकल्ला अद्याप सुटलेले नव्हते, पण फोन लागू लागला होता.

मग २०१६ चा मार्च आला. ४ मार्च रोजी येमेनमधील एडन शहरात बंदूकधाऱ्यांनी मदर तेरेसांच्या भगिनींच्या वृद्धाश्रमात शिरून सोळा माणसे ठार केली. त्यांत चार भगिनी होत्या. एक आपल्या झारखंडची, दोन रवांडाच्या, एक केनियाची. फादर टॉम उझुन्नालील यांना पळवून नेले. ते पुढे दीड वर्षाने, सप्टेंबर २०१७ मध्ये सुटले. ही बातमी आपल्या घराघरांत ज्या दुःखाने ऐकली गेली ते सांगावयास नको. त्या रविवारी मिस्सेनंतर ओळखीच्या एका बाईंनी मला बाजूस घेऊन विचारले, ‘त्याच देशाच्या मुलाला घेऊन तुम्ही हिंडता ना? अजूनही नेणार?’ त्यांचा स्वर वाईट नव्हता. त्या घाबरल्या होत्या, आणि त्यांची धाकटी बहीण स्वतः एका मठात भगिनी आहे. त्यांना मी ‘होय’ एवढेच उत्तर दिले. वाद घालण्याचा तो दिवस नव्हता.

त्याच दिवशी सायंकाळी दाराची कडी वाजली. तो मुलगा उभा होता. हातात खजुरांची पुडी. आत येऊन बसला, पण बोलेना. आमच्या भिंतीवर पवित्र मातेची तसबीर आहे. तिच्याकडे पाहून खाली पाहू लागला. बऱ्याच वेळाने म्हणाला, ‘खाला, त्या म्हाताऱ्यांना जेवू घालीत होत्या. आमच्या म्हाताऱ्यांना. अशाच बंदूकवाल्यांच्या भीतीने माझी आई वर्षभर दार लावून बसली आहे.’ माझे यजमान त्या वेळी हयात होते. ते उठले, त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाले, ‘याला जेवूनच जाऊ दे.’ चाळीसेचे दिवस होते. घरात भाजी, भाकरी व डाळ होती. तेच तिघे जेवलो.

पुढच्या रविवारी मी त्या बाईंना खजुरांतले अर्धे नेऊन दिले व कोणी दिले तेही सांगितले. त्यांनी ते घेतले. त्या मे महिन्यात आम्ही मुसारामबागेच्या सहलीस निघालो तेव्हा त्या बाईंनी ताकाच्या दोन बाटल्या पाठविल्या. स्वतः आल्या नाहीत. पुढेही कधी आल्या नाहीत. पण ताक दर वर्षी येते.

मुसारामबाग नदीच्या पलीकडे, आमच्या अंबरपेठेसमोर. पुलावरून पायी गेले तर अर्धा तास. मला ही सहल फार आवडते, कारण इतर कोणी तेथे पाहुण्यांना नेत नाही. निजामाच्या पदरी रेमाँ नावाचा एक फ्रेंच सेनानी होता. १७९८ साली तो येथेच वारला. लोकांच्या तोंडी ‘मुसा रेमाँ’चे मुसाराम झाले आणि वस्तीला तेच नाव पडले, आता मेट्रोच्या स्थानकावरही ते आहे. मलकपेठेच्या टेकडीवर त्याचे थडगे व उंच निमुळता दगडी स्तंभ आहे. हा परदेशी माणूस मेल्यावर इथले लोक त्याच्या थडग्यावर दिवा लावीत. घरापासून इतक्या दूर मरून पडलेल्या माणसाला एवढी माया मिळावी, याचे त्या टेकडीवर बसलेल्या मुलांना फार वाटते. तेथून खाली मुशी दिसते. पाण्याचे तिचे हाल मी वर्णन करीत नाही. अंबरपेठेत सांडपाणी शुद्ध करण्याचा मोठा कारखाना आहे, तरी नाकाला रुमाल लागतोच. पण मुलांना मी १९०८ सालच्या सप्टेंबरातला पूर सांगते. याच नदीने हजारो माणसे नेली, आणि अफझलगंजच्या बागेतल्या एका चिंचेच्या झाडाने दीडशेजणांना फांद्यांवर धरून वाचविले. ते झाड उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आहे. युगांडाच्या एका मुलाने त्या झाडाला हात लावून पाहण्याचा हट्ट धरला आणि मी तो पुरविला.

आफ्रिकेतील मुलांचा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि तो उन्हाळ्याने येत नाही की उन्हाळ्याने जात नाही. अरबी मुलगा शहराच्या गर्दीत मिसळून जातो. काळा मुलगा मिसळू शकत नाही. बसमध्ये त्याच्या शेजारची जागा रिकामी राहते. खोली पाहावयास गेला की ती त्याच क्षणी दुसऱ्याला दिलेली असते. मार्च २०१७ मध्ये दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात एका अफवेवरून जमावाने आफ्रिकन विद्यार्थ्यांना मारहाण केली. तेव्हा माझ्याकडे येणाऱ्या मुलांनी आठवडाभर संध्याकाळी घराबाहेर पाऊल टाकले नाही. आमच्या भागात काहीच घडले नव्हते. तरी भीती रेल्वेहून वेगाने येते.

अशा मुलांना मी ए. सी. गार्ड्समध्ये नेते. मासब टँकजवळची ही वस्ती. ए. सी. म्हणजे आफ्रिकन कॅव्हलरी. निजामाच्या हबशी घोडदळाची ही जागा. वनपर्तीच्या राजाकडून हे शिपाई निजामाकडे आले, आणि १९४८ नंतर पलटण मोडली तरी त्यांची कुटुंबे येथेच राहिली. आज ते पक्के हैदराबादी आहेत. त्यांचा मर्फा नावाचा ढोलवाद्यांचा मेळ शहरातल्या लग्नांत वाजतो, आणि तो वाजू लागला की टांझानियाच्या माणसाचे पाय आपोआप हलतात, हे मी स्वतः पाहिले आहे. मराठवाड्यातून आलेल्या वाचकांना तर मी याहून जवळचे उदाहरण देईन. मलिक अंबर हा हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला. त्यानेच १६१० च्या सुमारास खडकी वसविली. पुढे तिचे औरंगाबाद झाले. त्याने आणविलेले नहरीचे पाणी त्या शहराने शेकडो वर्षे प्यायले. कोकणातील वाचकांना जंजिऱ्याचे सिद्दी ठाऊक आहेतच. मग या मुलांकडे पाहताना आपल्या डोळ्यांत एवढे नवल कोठून येते?

आणि परक्या गावाने विद्यार्थ्याला पोटाशी धरणे ही गोष्ट आपणा मराठी लोकांनी एकदा चांगली करून दाखविलेली आहे. १९३८ साली याच उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतून ‘वंदे मातरम्’ गाणाऱ्या मुलांना काढून टाकण्यात आले. ती तेलुगू, मराठी, कानडी अशी सर्व भाषांची मुले. नागपूर विद्यापीठाने त्यांतील पुष्कळांना प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव यांनीही कायद्याचे शिक्षण नागपुरासच पुरे केले. त्यांच्या पहिल्या उन्हाळ्यात कोणी नागपूरकर आजीने त्यांना संत्र्याच्या बागेत नेले असेल काय, असे मला उगीच वाटत राहते. इतिहासकार असल्या गोष्टी लिहून ठेवीत नाहीत.

खार्टूमच्या वसंताची बढाई मारणारा तो मुलगा शिक्षण संपवून २०१९ मध्ये परत गेला आणि त्याने आपल्या चुलतभावाला येथे धाडले. एप्रिल २०२३ मध्ये सुदानात दोन सेनापतींचे युद्ध जुंपले आणि खार्टूम उद्ध्वस्त झाले. हा धाकटा त्या वेळी दुसऱ्या वर्षात होता. त्याच्या घरचे लोक आधी नाईलकाठच्या एका खेड्यात आणि मग इजिप्तमध्ये गेले. ते सुखरूप पोहोचल्याचा फोन त्याला हुसेनसागराच्या बांधावर आला. आम्ही मक्याची कणसे खात होतो. तो उठून पाण्याच्या बाजूला गेला, बराच वेळ बोलला, परत आला आणि उरलेले कणीस संपवून त्याने दुसरे मागितले. त्या दुसऱ्या कणसाने मला सर्व काही सांगितले.

माझे गुडघे आता कुरकुर करितात. २०२५ च्या मे महिन्यात डॉक्टरांनी पुलावरून चालत जाण्यास मनाई केली. त्या महिन्यात एके रात्री या धाकट्याचा फोन आला. नव्या वर्षाची चार मुले आहेत, दोन येमेनची, दोन सोमालियाची. उद्या पहाटे बरकसला नेतो आहे. माझ्याकडे त्याचा एकच प्रश्न होता, पाच माणसांना ताकाच्या बाटल्या किती लागतील? मी सहा सांगितल्या. पहाटे तो दाराशी आला तेव्हा सहाही भरून ठेविल्या होत्या, त्यांतल्या दोन अर्थातच त्या बाईंच्या घरच्या. कांदा त्याने याही वेळी घेतला नाही.